दोन माणसांचा तंबू

बातमी आली त्या दिवशी रुख्मिणी मंगरूळपीरच्या बाजारात स्वतःसाठी लोकरीची माकडटोपी घेत होती. आश्विनातलं ऊन चटके देत होतं.

"काकू, हे घालून सोयाबीन सोंगता काय?" दुकानदार म्हणाला.

तिनेही हसून सांगितलं, की उन्हाळ्यात लेकासोबत गंगोत्रीच्या राष्ट्रीय उद्यानात जायचंय, हिमनदीपाशी तंबूत राहायचंय. लखन आधी वाट बघून यायला पुढे गेलाय. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. हिमनदीवरचा बर्फ खचून लखन भेगेत गेला होता. देह सापडला नव्हता.

टोपी मात्र तिने घेतली.

देह नसला की पळसाच्या पानांचा माणूस करतात, नारळाचं डोकं लावतात, नाव घेऊन अग्नी देतात. तिचे थोरले दीर उकंडराव फाल्गुनापासून तेच म्हणत होते. पोराचा जीव मधेच अडकून राहील, असं त्यांचं म्हणणं.

"मी जाऊन पाह्यतो, भाऊजी. तोवर माह्या लेकाले कोणी काडी लावायची नाही."

"काय पाहशीन? बर्फ?"

"बर्फ तं बर्फ."

तिने उद्यानाचा परवाना काढला, गाडीचं तिकीट काढलं. पाठीवर ज्वारी भरलेली सॅक घेऊन रोज आपल्या आसेगावामागची टेकडी चढू लागली. शेजारची भागिरथा हसायची, म्हणायची, बाई, गिरणी तिकडं नाही. रुख्मिणी चढत राहायची.

वैशाखातल्या एका दुपारी तिने लखनने घेऊन ठेवलेला दोन माणसांचा तंबू घराच्या स्लॅबवर उभारला. आत त्याने आणलेल्या दोन्ही स्लीपिंग बॅगा शेजारी शेजारी अंथरल्या. गाव दारं लावून निजलं होतं. आतून चेन कशी लागते ते पाहायला ती आत शिरली.

आत भट्टी असायला हवी होती. पण आधी ओल्या दगडाचा वास आला. मग कापड आतून घामेजलं. तिच्या तोंडातून वाफ निघू लागली. कुठेतरी खोल, खाली, पाणी वाहत होतं... विहिरींचे तळ दिसत असताना. शेजारची रिकामी बॅग हळूहळू फुगली. कुणीतरी कूस बदलावी तशी वळली.

"लखन...?"

मग अगदी कानाशी,

"आई... मले भाजून राह्यलं."

ती बाहेर आली. त्यांच्याच शेताच्या धुऱ्याच्या बांधावरून धूर चढत होता.

ती भरली कळशी घेऊन अनवाणी धावली. पळसाच्या माणसाभोवती उकंडराव आणि भावकीतले चौघं बसले होते. वाऱ्याने जाळ पायांकडून चढत कमरेपर्यंत आला होता. तिने कळशी उपडी केली.

"अर्ध्यावर इझवू नये, रुख्मिणी..." उकंडरावांचे डोळे भरले होते. "मी त्याच्या सुटकेसाठीच..."

"मेला असंन तं मी आणीन. अन् मीच जाळीन. तुमी नाही."

रिकामी कळशी उचलून ती वळली.

घरी येऊन तिने तंबू उतरवला. एक बॅग कोरडी होती. दुसरी आतून ओलीचिंब, आणि पायांकडून कमरेपर्यंत करपलेली. तिने दोन्ही गुंडाळून सॅकमध्ये भरल्या. माकडटोपी वरच्या कप्प्यात ठेवली.

ती आठवड्याने निघाली. भर उन्हातही त्या पळसाच्या पानांना हात लावला तर गार लागतात, असं भागिरथा म्हणते. उकंडराव तिकडे जातच नाहीत. पानांचा माणूस धुऱ्यावर तसाच पडून आहे. कमरेवरचा अर्धा जाळायचा राहिला आहे.