उंबऱ्यावरचा खडा

लाइट बंदच राहू दे, सचिन. बसा सगळे. ही काही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो नंदू आपल्याच कंपनीत ड्राफ्ट्समन आहे, इथं दोह्यातच, अल मन्सूऱ्यात राहतो. त्यानं मला जशी सांगितली तशी सांगतो.

मागच्या डिसेंबरची एकोणीस तारीख. शुक्रवार. आदल्या दिवशी इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी, तिला जोडून शुक्रवार-शनिवार. म्हणजे अख्खं दोहा गाड्या काढून बाहेर. नंदूला उत्तरेकडच्या साइटवरच्या वॉचमनला, रहमानला गोदामाची किल्ली पोचवायची होती. त्याची बायको आसावरी म्हणाली, "आम्हीपण येतो. तेवढीच पोरीला हवा." पोरगी ज्ञानदा, सहा वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण बोलणार इंग्रजीत.

किल्ली दिली. रहमाननं चहा पाजला आणि सांगितलं, पुढं किनाऱ्याला कोळ्यांचं जुनं गाव आहे, ओसाड पडलंय, बघून जा. गेले. दगडामातीची घरं, छपरं कोसळलेली, खाली समुद्र. एका घराच्या ओट्यावर बसून दशम्या आणि चटणी खाल्ली. वारा गार होता, म्हणून आसावरीनं पोरीच्या स्वेटरची टोपी डोक्यावर ओढून दिली. सूर्य कलला तशी आसावरी एकदम दचकली.

"अहो, आपण सकाळी तिघंच निघालो की! खडा घेतलाच नाही."

हसू नका रे. तुमच्याही घरी असेल हे. तिघांनी मिळून कामाला निघू नये. निघायचंच झालं तर एक खडा बरोबर घ्यायचा, तो चौथा. पण तो आपल्या दारातला घ्यायचा असतो.

"आता परतच चाललोय ना," नंदू म्हणाला. "गाडीतली ती रस्ता सांगणारी बाई धर चौथी."

"तुमचं आपलं काहीतरीच!" तिनं त्याच घराच्या उंबऱ्यावरचा पांढरा खडा उचलला, पोरीच्या मुठीत दिला आणि स्वतःची आई म्हणायची तसं म्हणाली, "चला हो, आमच्यात चौथे व्हा. घरापर्यंत सोबत करा."

रिकाम्या घराच्या दारात उभं राहून म्हणाली.

गाडी निघाली. टिंग... टिंग... पट्टा लावला नाही की वाजतं ना, ते. ज्ञानदाचा पट्टा तर लावलेला होता. दिवा मागच्या दुसऱ्या सीटचा लागला होता. रिकाम्या सीटचा.

"सेन्सर गेला असेल," नंदू म्हणाला.

बघता बघता अंधार पडला. अमावास्या होती. हायवेपर्यंतचा कच्चा रस्ता सरळसोट, वळण म्हणून नाही. गाडी चालली... चालली... आणि दिव्यांच्या उजेडात तेच घर. तोच ओटा.

"वळलात का कुठं?"

"नाही गं."

गाडी फिरवली. पुन्हा तेच घर. पुन्हा फिरवली. मोबाइलवरचा नकाशा त्यांना समुद्रात दाखवत होता. पेट्रोलचा काटा तळाला चाललेला. आणि ते टिंग... टिंग... काही केल्या थांबेना.

मागून ज्ञानदा हसली. "यू सिट. देअर इज स्पेस."

"कुणाशी बोलतेस गं?"

"आन्टी." मग हळूच, "ममा, शी स्मेल्स ऑफ फिश."

आसावरी मागं वळली. सीट रिकामी.

"मीच बोलावलं हो," आसावरी म्हणाली. "तिच्या दारात जाऊन... मीच."

गाडी थांबवली. आसावरी उतरली. रिकाम्या बाजूचं दार उघडलं, हात जोडले. "बाई, चुकलं माझं. तुमचं घर आलं. उतरा."

टिंग... थांबलं.

आणि ज्ञानदानं आपला पट्टा सोडला. दुसऱ्या बाजूनं उतरली. घराकडं चालू लागली. एक मूठ मिटलेली. दुसरा हात वर... कुणाचं बोट धरल्यासारखा.

नंदू धावला. कमरेला मिठी मारली. एवढीशी पोर. पण थांबेना. त्याचे पाय वाळूत फरफटत गेले. उंबरा आला.

आसावरीनं ती मूठ धरली. एकेक बोट सोडवायला लागली. बोटं लाकडासारखी. "चौथ्या तुम्ही," ती ओरडली. "तुम्हाला बोलावलं. ही तिसरी. ही आमची आहे... ही आमची!"

खडा पडला. उंबऱ्यावर, दगडावर दगड. आवाज झाला नाही.

पोर सैल पडली.

मग रस्ता सापडला. सरळ. हायवेचे दिवे आले, पंप आला. आसावरी मागं बसली होती, पोरीला घट्ट कवटाळून.

घरी आल्यावर ट्यूबच्या उजेडात आसावरीनं पोरीची टोपी मागं सारली. सकाळी तिनं एक पोनी बांधून दिली होती, साधी.

पोनी नव्हती.

चार वेण्या होत्या. बारीक, घट्ट, कुणीतरी मांडीवर घेऊन सावकाश घालाव्यात तशा. तशी वेणी आसावरीला येत नाही रे... तिनं हात लावून बघितलं. बोटांना मासळीचा वास.

अजून ओल्या होत्या.