मुलींची शिक्षा

अवंतिका, तो मोबाइल उलटा ठेव आणि पांघरूण घे. ‘आबा, भूत-वूत कुछ नहीं होता’ हे सांगून झालंय तुझं. नसेलही. मी आपला अभिरामची हकिकत सांगतो. तुम्ही सगळे ओळखता त्याला, थाटीपुरात आपल्या मागच्याच क्वार्टरमध्ये राहायचा. खोटं बोलायला लागते तेवढी कल्पनाशक्ती देवानं त्या बिचाऱ्याला दिलेलीच नाही.

मागच्या वर्षीची वसंत पंचमी, तिची आदली रात्र. अभिराम शहराच्या लष्कर भागातल्या मुलींच्या कॉलेजात हेडक्लार्क. सकाळी नव्या शिळेचं अनावरण होतं आणि मिस्त्रीनं ती अंधार पडल्यावर बसवली. सिमेंट धरलं की नाही ते बघायला हा जेवून स्कूटरवर निघाला. एवढंच काम.

ते कॉलेज कसं उभं राहिलं ठाऊक आहे ना? इंग्रजांच्या काळात दाना ओली नावाच्या गल्लीत सीमंतिनीबाई म्हणून एक विधवा राहत. त्यांची एकुलती एक पद्मा अकराव्या वर्षी तापानं गेली. तिच्या लग्नासाठी ठेवलेलं सोनं बाईंनी सराफ्यात नेऊन मोडलं, राहतं घर दिलं आणि मुलींची शाळा काढली. मग गल्लीही पुढे आली. कुणी चुना दिला, कुणी दारांना सागवान. शाळेचं पुढे कॉलेज झालं. जुनी मराठी शिळा दुरुस्तीत फुटली, म्हणून नवी हिंदीत केली. मजकूर अभिरामनंच लिहिला होता: ‘पद्मा की स्मृति में, कन्याओं की शिक्षा के लिए’.

धुकं होतं. व्हरांड्यात एक म्हातारी उभी होती. पांढरं नऊवारी, डोक्यावर पदर. दाना ओलीत अशा आज्या अजून सापडतात, म्हणून याला काही वाटलं नाही. ती शिळेवर बोट फिरवत एकेक अक्षर लावत होती.

‘‘मुलींची शिक्षा?’’ तिनं विचारलं. ‘‘खरंच?’’

अभिरामची कॉलर ताठ झाली. आणि मराठी त्याची तुमच्यासारखीच, अर्धी हिंदीत बुडवलेली.

‘‘हो आजी, खूप अच्छी शिक्षा देतात इथे. दूर-दूरच्या गावांतून मुली येतात शिक्षा घ्यायला. गरीब मुलींना तर मुफ्त देतो आपण.’’

म्हातारीचं बोट थांबलं.

‘‘सगळ्यांना?’’

‘‘सगळ्यांना.’’

‘‘लहान... अगदी लहान मुलींनासुद्धा?’’

‘‘छोट्यांची शाळा अलग आहे ना. तिकडे पण देतात.’’

ती मटकन खाली बसली. मग...

‘‘माझी पोर चोरून वाचताना सापडली. खोलीत कोंडली मी तिला. बाहेरून कडी लावली. म्हटलं, एक रात्र... शिक्षा म्हणून. अंगात ताप होता, मला कुठं ठाऊक? दार वाजवत होती. मग वाजवेना. मला वाटलं... झोपली.’’

तेव्हा कुठे अभिरामच्या डोक्यात उजेड पडला. आपण कोणता शब्द बोललो. आणि कुणाशी.

‘‘नाही आजी... शिक्षा म्हणजे सजा नाही... पढाई... एज्युकेशन...’’

साधा मराठी शब्द. जन्मभर घरात ऐकलेला. आठवेना.

‘‘घर दिलं मी,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यासाठी?’’

त्यानं तोंड उघडलं...

व्हरांड्यात कुणी नव्हतं.

आणि मग शब्द आठवला. ‘‘शिक्षण, आजी! शिक्षण!’’ वेड्यासारखा ओरडत तो आवारभर फिरला. कोण ऐकणार?

हे सांगताना अभिराम माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. मला भीती नाही वाटली, पोरांनो. वाईट वाटलं. त्या बाईनं एका रात्रीचं प्रायश्चित्त म्हणून सगळं आयुष्य ओतलं, आणि तिच्या कानावर काय पडलं? तेही आपल्याच माणसाच्या तोंडून!

पहाटे चौकीदार दौलतसिंहनं अभिरामला फोन करून बोलावलं. फाटकाचं कुलूप शाबूत होतं. चोरी म्हणावी तर पंखे, कॉम्प्युटर सगळं जागच्या जागी. पण वर्ग, वाचनालय, हॉस्टेल... प्रत्येक दाराची बाहेरची कडी गेली होती.

आतल्या कड्या जशाच्या तशा होत्या.