उजव्या कॅलिपरचा बोल्ट

सत्तावीस नंबरची मोटरसायकल सकाळच्या सरावाची एकच फेरी मारून परत आली, तीही इतकी हळू, की कुणी पायी चालत तिला मागे टाकलं असतं. स्वाराने हेल्मेटची काच वर केली, पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ब्रेक गेला."

मास्तरीण जवळच उभी होती. ती कुठल्या शाळेत शिकवत नव्हती. शर्यतीच्या गाड्या तपासून पास-नापास करायचं तिचं काम, आणि जीभ अशी धारदार, की वीस वर्षांत सगळ्या पॅडॉकने, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गॅरेजांच्या आवाराने, तिला हेच नाव पाडलं होतं.

ती उजव्या बाजूला उकिडवी बसली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ब्रेकची डिस्क असते, आणि तिला चिमट्यासारखा पकडणारा कॅलिपर दोन बोल्टांवर बसतो. त्यातला एक बोल्ट गायब होता आणि दुसरा दोन आट्यांवर लटकत होता. बोल्ट धक्क्यांनी सुटू नये म्हणून त्याला स्टीलची बारीक तार पिळून बांधतात. त्या तारेचा पत्ता नव्हता. मग ती डाव्या बाजूला गेली, तिथल्या डिस्कवर तळहात टेकून नीट वाकली. तिथलं सगळं तारेसकट जागच्या जागी होतं. गाडीला वळसा घालून मागे येताना मागच्या चाकाच्या डिस्कला तिचं बोट लागलं आणि चर्रकन चटका बसला. तोंडात बोट घालून ती दोन वाक्यं बोलली. ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

शर्यतप्रमुख साहेब धावत आले. त्यांनी आवाराचं फाटक बंद करायला लावलं आणि तिघांना पत्र्याच्या खोलीत बसवलं. एक सत्तावीस नंबरचा स्वार, बारका. दुसरा त्याचा थोरला भाऊ आणि मेकॅनिक. त्याला सगळेच दादा म्हणत. तिसरा शेजारच्या गॅरेजचा मेकॅनिक टोपीवाला, कारण काल संध्याकाळी त्याचं आणि दादाचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि आज सकाळी तो दादाच्या गॅरेजमध्ये शिरताना दिसला होता.

खोलीला एकच दार, त्यावर पहारेकरी. खिडकी होती, पण कुणी तरी तिच्यावर रंगाचे इतके थर चढवले होते की ती उघडायची विसरूनच गेली होती. पंखा बंद. पत्रा तापून वरून भट्टी लागलेली. बारका अजून चामड्याच्या शर्यतीच्या सूटमध्येच होता आणि त्याच्या हनुवटीवरून घाम टपटपत होता.

साहेबांनी मास्तरणीला बाहेर घेऊन सरळ सांगितलं. गाडी तपासून दिल्याची सही दादाची आहे. तार न बांधता गाडी सोडणाऱ्या मेकॅनिकला कायमची बंदी, हा नियम. दोनला शर्यत आहे. पावणेदोनपर्यंत दुसरं कुणी सापडलं तर ठीक, नाही तर दादाचं नाव कागदावर चढेल.

मास्तरीण दाराकडे वळली आणि थबकली.  ट्रॅकवर जायच्या फाटकात प्रत्येक गाडीपुढे वाकून बोल्ट बघायचे, हेही तिचंच काम. सत्तावीस नंबरची गाडी समोर येऊन थांबली, तेव्हा तिने कागदावर दादाची सही पाहिली आणि दादाच्या हातची गाडी, तिचं काय बघायचं, म्हणून नुसता हात हलवून पुढे जा म्हटलं. गाडी तरी क्षणभर तिथंच घुटमळली होती. हे तिला आत्ता आठवलं.

ती आत आली आणि आधी दादाकडे वळली. दादाचा उजवा गुडघा दहा वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर पार चुरडला होता. तेव्हापासून स्वार होणं संपलं आणि पाना हातात आला. हे काम गेलं तर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"तार कधी बांधली, दादा?"

"काल रात्री. सकाळी पुन्हा हात लावून पाहिली."

"नक्की?"

"बाई, तासाभरापूर्वी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं." दादाने आपल्या काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. "आता मलाच वाटायला लागलंय, की मी फक्त बांधायचं मनात आणलं होतं."

सकाळी तो पेट्रोल आणायला गेला होता, दहा मिनिटं. गॅरेजमध्ये बारका होता. मग दादा आपसूकच बारक्याचं कौतुक सांगू लागला. गेल्या वर्षी पहिल्या वळणावर पोरगा केवढ्याने आपटला, पण चार महिन्यांत गाडी आणि पोरगा दोन्ही उभे केले. त्याला शर्यतीशिवाय दुसरं काही सुचतच नाही. बारका भिंतीकडे बघत होता.

टोपीवाल्याची पाचावर धारण बसली होती. भांडण झालं ते खरं, म्हणाला, दादाने आमच्या जागेत टायर रचून ठेवले होते. सकाळी तो पक्कड मागायला गेला होता, टेबलावरून उचलली आणि निघाला. गाडीपाशी कुणी नव्हतं. बारका मागच्या कोपऱ्यात पाठ करून बूट घालत होता, त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणजे पक्कड टोपीवाल्याच्या हातात होती आणि गाडी त्याच्यासमोर मोकळी उभी होती. हे आपल्या तोंडून काय निघालं ते लक्षात येऊन त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

मग बारका.

"ब्रेक कुठे गेला?"

"शेवटच्या वळणावर. पिटमध्ये शिरायच्या आधी."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत झकास लागत होता. नेहमीसारखा."

"पुढचाच दाबत होतास ना?"

"शर्यतीत मागचा कोण दाबतं, बाई?"

हे बाकी खरं होतं. ती उठली तसा बारकाही पाणी प्यायला उठला आणि डाव्या पायाने लंगडत माठापाशी गेला. पडला तर नव्हता. जुनं दुखणं, म्हणाला. दादाच्या जिवाला लागलं. "अरे, निदान बूट तरी काढ, पाय शिजला असेल." बारका एकदम तुटकपणे म्हणाला, "राहू दे." 

मास्तरीण दादाच्या गॅरेजमध्ये गेली. फरशी बघावी तर तिच्यावरच जेवायला वाढावं अशी स्वच्छ. कापलेल्या तारेचा तुकडा खाली पडला की टायरमध्ये घुसतो. म्हणून दादाच्या गॅरेजमध्ये तुकडा कधीच खाली टाकायचा नाही, टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या पत्र्याच्या डबीत टाकायचा. दोघा भावांच्या अंगात हे लहानपणापासून भिनलेलं, वडिलांचा मार खाऊन. तिने डबी उपडी केली. सगळ्यात वर पिळलेल्या तारेचे दोन तुकडे निघाले, टोकं ताजी, चकचकीत, स्वच्छ कापलेली.

म्हणजे तार बांधलेली होती. दादा विसरला नव्हता. तिला इतकं हायसं वाटलं की ती तिथल्याच स्टुलावर बसली. बसल्या बसल्या तिने भाजलेल्या बोटावर फुंकर घातली, आणि फुंकर अर्ध्यात थांबली.

दोनला वीस मिनिटं कमी असताना ती साहेबांना घेऊन खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"दादा निर्दोष आहेत," ती म्हणाली. "तार बांधलेली होती. आज सकाळी, पेट्रोलच्या त्या दहा मिनिटांत, कुणी तरी ती कापली." तिने तुकडे टेबलावर ठेवले. टोपीवाल्याने डोळे मिटले. "तुम्ही नाही हो. तुम्ही कापली असती तर तुकडे फरशीवर पडले असते, नाही तर तुमच्या खिशात गेले असते. दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये चोरून तार कापणारा माणूस तुकडे आठवणीने त्यांच्याच डबीत टाकत नाही. ते ज्याचा हात आपोआप त्या डबीकडे जातो, तोच टाकतो."

दादा उठून उभा राहिला. "बाई, जपून बोला."

"अजून एक आहे, दादा. गाडी थांबली तेव्हा मी पुढच्या डाव्या डिस्कवर पूर्ण तळहात टेकला होता. डाव्या ब्रेकला काही झालेलं नव्हतं. एक फेरी ब्रेक मारून आलेल्या डिस्कवर हात टेकला तर काय होतं?"

 दादाच्या दहाही बोटांवर असल्या चटक्यांचे डाग होते.

"माझा तळहात बघा. काही नाही. डिस्क गार होती. बोट भाजलं ते मागच्या डिस्कवर. म्हणजे सबंध फेरीत पुढचा ब्रेक एकदाही दाबला नव्हता. तो दाबायचा नाही, हे स्वाराला फाटकातून निघायच्या आधीच माहीत होतं." ती बारक्याकडे वळली. तिचा आवाज आता मास्तरणीचा राहिला नव्हता. "सूटला खिसा नसतो. बोल्ट काढलास आणि टोपीवाल्याची चाहूल लागली. कोपऱ्यात जाऊन बसलास, हातात बूट होता, त्यातच टाकलास आणि पाय घातलास. तेव्हापासून त्याच्यावर चालतोयस. बूट काढ, बाळा."

बारक्याने पाय मागे ओढून घेतला. बाहेर कुठे तरी इंजिन तापवत होते, त्याने खिडकी थरथरत होती.

"मला पाडायचं नव्हतं स्वतःला," तो शेवटी म्हणाला. "गाडी नापास व्हायला हवी होती, एवढंच. फाटकात बाई वाकतील, बघतील, घरी जा म्हणतील. मी थांबलो होतो, बाई. तुम्ही वाकाल म्हणून थांबलो होतो. तुम्ही हात हलवलात, मागून सगळे भोंगे वाजवायला लागले. मग मी कुठे जाणार होतो?"

मास्तरणीला त्याच्या डोळ्याला डोळा देववेना.

"आणि माझ्यावर येईल हे?" दादाचा आवाज चिरकला.

"सही तुझी असते हे डोक्यातच आलं नाही. इथे बसल्यावर कळलं. सांगणार होतो. दर पाच मिनिटांनी सांगणार होतो." तो आता उघड रडत होता. "गेल्या वर्षी पडल्यापासून पहिलं वळण आलं की माझे हात मला दिसत नाहीत, दादा. आणि तू रात्र रात्र जागून गाडी लावतोस. तुला कसं सांगू, की मला बसायचंच नाही?"

साहेब खाकरले, कागद काढला. बारक्याचा परवाना रद्द होईल, म्हणाले. बारक्याने मान डोलावली, आणि त्याचे खांदे इतके खाली आले की मास्तरणीला आतून भरून आलं. तिने साहेबांच्या हातून पेन घेतलं आणि त्याच्या नावाच्या वर स्वतःचं लिहिलं. फाटकावर गाडी न तपासता सोडली. साहेब म्हणाले, याची गरज नाही. तिने खाली सही केली.

दादाचं मात्र त्या कागदाकडे लक्षच नव्हतं. तो दुखऱ्या गुडघ्यासकट खाली बसला होता आणि भावाच्या बुटाची चेन उघडत होता. बूट ओढला तशी बारक्याने कळ सोसली. बोल्ट फरशीवर पडला आणि गडगडत टेबलाखाली गेला. तळपायाला त्याच्या आट्यांची खूण रक्ताळून उमटली होती.

बाहेर दोनचा भोंगा झाला. गाड्या सुटल्या तसा पत्रा हादरला. दहा वर्षांत दादाने एकही सुरुवात चुकवली नव्हती. त्याने मान वर केली नाही.

"एवढं सोसलंस," तो भावाचा पाय हातात घेऊन म्हणाला, "आणि मी विचारत होतो, टायरची हवा किती ठेवू."