पैलवानाच्या खांद्यातल्या सुया

"पैलवान, तुमचे कान असे भज्यासारखे कशानं झाले?"

प्रश्न अर्फाचा नव्हता. दहावी 'ब'च्या मागच्या बाकाने पैज लावून तो तिच्या तोंडात कोंबला होता. पण विचारला मात्र तिनेच, कुंडलच्या तालमीच्या दारात उभं राहून, सगळ्यांसमक्ष! मैत्रिणी भिंतीआड दबा धरून बसल्या होत्या. साक्षीने तर पळता यावं म्हणून चपला आधीच हातात घेतल्या होत्या.

वीरधवल पैलवान मूळचा रहिमतपूरचा, यंदाच सरावाला इकडे आलेला. त्याने आधी डोळे वटारले, मग खदाखदा हसला.

"मातीत रगडून रगडून. हात लावून बघ. सुपारी हाय सुपारी!"

अर्फाने चिमटीत धरून पाहिला. खरंच, कान वळायचं नाव घेईना.

आत तालमीचा आचारी गुंडा थंडाईचे बदाम वाटत होता, तेही डाव्या हाताने. गडी जन्मात कुस्ती खेळला नव्हता, पण उरलेली थंडाई संपवून संपवून पैलवानाहून रुंद झाला होता.

"उजवा खांदा धरलाय गं," तो कण्हला. "खुंटीवरचा टावेल बी निघंना."

पैज जिंकल्यापासून अर्फाची मान जी ताठ झाली ती झालीच. आता आपण कुणालाही काहीही विचारू शकतो, असं तिचं पक्कं मत बनलं. आणि काही आठवड्यांतच तशी वेळ आली.

अर्फाचे अब्बा-अम्मी, म्हणजे निजामभाई आणि अख्तरबी, दिवसभर बाजारातल्या आपल्या टेलरिंगच्या दुकानात असत. घराच्या पुढच्या खोलीत अब्बांच्या बहिणीने, मिस्बाह फूफीने, नवी पाटी लावली होती : ॲक्युपंक्चर, दुखणी व दुखापती. ती मिरजेत शिकून नुकतीच आली होती आणि गावात अजून कुणाला फारसं ओळखत नव्हती.

त्या पाटीखाली एका संध्याकाळी तालमीचे आप्पासो वस्ताद उभे राहिले, लालबुंद.

"निजामभाई, तुमच्या भनीनं माजा वीरधवल पैलवान मारला! दुखऱ्या खांद्यासाठी सुया घ्यायला धाडला, तर खांदा व्हता त्याच्यापेक्षा वाईट झाला. आता पाय बी लंगडतोय. मैदान तोंडावर आलंय! उद्या सांजच्याला ही पाटी उतरली न्हाई, तर माजी पोरं उतरवतील."

अब्बा वरमले. "मिस्बाह, आपण सुया कापडालाच टोचलेल्या बऱ्या. काढू या पाटी."

फूफी ट्रेमधली पाकिटं नुसतीच इकडची तिकडे करत राहिली. पाटी उतरली की फूफीही मिरजेच्या गाडीत बसणार, हे अर्फाला न सांगता कळलं.

"आप्पासो काका, उद्या सांजेला सगळ्यांना घेऊन या," ती म्हणाली. "चूक फूफीची निघाली, तर पाटी मी उतरवीन."

"आधी तुझा घोटा बघ!" अम्मी ओरडली. "खो-खोत मुरगळलाय, फूफी सुया लावते म्हणतेय, तर ऐकत नाहीस."

"आपोआप बरा होईल," अर्फा म्हणाली आणि लंगडत तपासाला लागली. मदतीला साक्षी. साक्षीला काही सुचत नसे, पण ती कुठेही यायला तयार असे.

पहिली फूफी.

"वस्तादांनी फोनवर नंबर लावला. पेशंट एकटाच यायचा. चांगला रुंद माणूस, उजवा खांदा धरलेला. मी खांद्याला, मानेला आणि कानाला सुया लावल्या. कान तर काय सुरेख! कोवळं पान जसं. झोपून घोरायचा मेला. शेवटच्या दिवशी हात डोक्यावर नेऊन दाखवला त्यानं!"

"आणि पाय?"

"पायाला मी हातसुद्धा लावला नाही." तिने एक सुई उजेडात धरली. केसासारखी बारीक.

"कळलं!" साक्षी कुजबुजली. "सुई खांद्यातून खाली पायात उतरली."

दुसरी चंद्राबाई. पैलवान तिच्याकडे भाड्याने राहत होता आणि गावात तेल चोळून अंग मोकळं करायची कला तिची. फूफीची पाटी लागल्यापासून तिचं तोंड वाकडंच होतं.

"आवं चंद्रामावशी, तुमी पैलवानाला तेल लावलं?"

"लावलं की! पर माज्या तेलानं न्हाई लंगडत त्यो. बाभळीचा काटा रुतलाय पायात. काढाया सुई घिऊन बसले, तर म्हणला, मावशी, आपोआप निघंल. आन् पळाला उसात!"

"तेलानंच झालं," बाहेर आल्यावर साक्षीने निकाल दिला. अर्फा मात्र थबकली होती. 'आपोआप' हा शब्द तिने नुकताच कुठेतरी ऐकला होता.

तिसरा गुंडा.

"पैलवान सुया घ्यायला जायचा, तवा तुमी कुठं असायचा?"

"मी? ह... हितंच की. बदाम वाटत." गुंडाला दरदरून घाम फुटला. त्याने उजवा हात वर करून खुंटीवरचा टॉवेल ओढला आणि तोंड पुसलं. "थंडाई घेणार?"

साक्षीने दोन पेले घेतले.

शेवटी खुद्द पैलवान. डोक्याला मफलर गुंडाळून खाटेवर पडलेला.

"सुया लय दुखल्या का हो?"

"लय! ह्या एवढाल्या, दाभणासारख्या! रगात यायचं भळाभळा."

अर्फा इतकी खूश झाली, की बाहेर येताना दुखऱ्या पायावरच उडी मारून बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोली गच्च भरली. वस्ताद, पैलवान, गुंडा, चंद्राबाई, अब्बा, अम्मी. फूफीला अर्फाने पडद्याआड बसवलं होतं आणि हाक मारेपर्यंत बाहेर डोकावायचं नाही, अशी तंबी दिली होती.

"आधी पाय," अर्फाने सुरुवात केली. "पायात काटा आहे. फूफीचा त्यात संबंध नाही."

"आणि खांदा?" वस्ताद गुरगुरले.

"काका, पैलवान म्हणतात सुया दाभणाएवढ्या होत्या. ही बघा." तिने सुई वर धरली. निम्म्या खोलीला ती दिसलीच नाही. पैलवानाने मात्र डोळे गच्च मिटले. "ज्यानं घेतल्या, त्याला हे माहीत असतं. पुढे फूफी म्हणते, पेशंटचे कान कोवळ्या पानासारखे होते. पैलवान, मफलर काढा."

मफलर निघाला. दोन भजी बाहेर आली.

"ह्यात सुई लोण्यात गेल्यासारखी जाईल, काका?"

"खिळा बी जायचा न्हाई," वस्ताद नकळत अभिमानाने म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "मग हितं झोपलं कोण?"

"रुंद माणूस. उजवा खांदा धरलेला. कधी कुस्ती न खेळल्यामुळे कान शाबूत असलेला. ज्याला महिन्यापूर्वी खुंटीवरचा टॉवेल काढता येत नव्हता, आणि काल ज्यानं तो माझ्यासमोर काढला. उजव्या हातानं!"

साक्षीच्या हातातलं बिस्कीट खाली पडलं. "थंडाईवाला?"

"फूफी, बाहेर ये. वीरधवल पैलवान कोणते?"

फूफीने पडदा सारला आणि क्षणभरही न थांबता गुंडाकडे बोट केलं. "हे काय! कसा आहे खांदा?"

"झ्याक हाय, डागदरीनबाई," गुंडा खाली मान घालून म्हणाला.

मग पैलवानाचा बांध फुटला. "वस्ताद, माफी करा! सुई दिसली की माज्या डोळ्यापुढं अंधारी येती. तुमास्नी सांगायची लाज वाटली. म्हणून गुंडाला म्हणलं, माज्या नावानं तूच झोप."

वस्तादांनी हात उगारला, पण तो मध्येच कपाळावर मारला. "अरं, शंभर किलोचा गडी तू! आन् गुंड्या, तू रं?"

"वस्ताद, पैल्यांदा मैत्रीपायी गेलो. मागनं गुण याया लागला, मग कसं सोडू?"

चंद्राबाई इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं.

फूफीने चिमट्याने काटा काढला. पैलवानाने तोवर गुंडाचा हात आवळून धरला होता, आणि ओरडला गुंडाच. "खांदा आधी हाडाच्या डॉक्टरला दाखवा," फूफीने बजावलं. "सुयांचं मग बघू."

जाताना वस्तादांनी पाटीकडे पाहिलं. "निजामभाई, ही जरा वर लावा. रस्त्यावरनं दिसत न्हाई."

खोली रिकामी झाली. अब्बांनी अर्फाच्या पाठीवर थाप मारली. "बाकी सगळं कळलं बेटा. पण एवढा पैलवान सुईला भितो, हे तू कशावरून ओळखलंस?"

अम्मीची नजर सावकाश अर्फाच्या सुजलेल्या घोट्यावर उतरली. टेलरच्या घरात, सुयांमध्येच वाढलेल्या पोरीने घोटा फ्रॉकखाली ओढला.

"'आपोआप' म्हणाले ते, अगदी माझ्यासारखं," ती पुटपुटली. मग मान पुन्हा ताठ झाली. "अब्बा, अम्मी, माझं ठरलंय. उद्या सकाळी फूफीकडे पहिला नंबर माझा."

साक्षी पांढरीफटक पडली. "अगं, म्हणजे... तुझ्या जागी मी झोपायचं?"

"नाही," अर्फा म्हणाली. "तू बाहेर बसायचंस. आत मीच असणार."