जागा सोडली कुणी?

वहिनींकडे येणारी माणसं आधी रडतात आणि मग बोलतात. ही मुलगी उलटी निघाली. सगळं नीट सांगून झालं, पाण्याचा पेला उचलला आणि मग तिला रडू फुटलं.

वहिनी म्हणजे विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या बाई. निवृत्तीनंतर खाजगी तपास करू लागल्या. सोबतीला त्यांचे दीर, औषधाच्या दुकानातून नुकतेच मोकळे झालेले. ते वहिनी म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले. त्या त्यांना भावजी म्हणत, आणि बहुतेक वेळा ‘भावजी, गप्प बसा’ असं म्हणत.

मुलीला परदेशातल्या एका कॉलेजात जागा मिळाली होती. त्या कॉलेजच्या इथल्या कार्यालयात ती कागद द्यायला गेली, तर तिचं नावच काढलेलं.

“तिथल्या बाई म्हणाल्या, तुमच्या घरून फोन आला होता. फी झेपणार नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्या. अर्जाचा नंबर, जन्मतारीख, सगळं बरोबर सांगितलं.”

“आवाज?”

“घोगरा. बाईचा की पुरुषाचा, कळलं नाही म्हणे. अर्जाचा नंबर मीच बाबांच्या कारखान्यातल्या भिंतीवर डकवलाय.”

“संशय कुणावर?”

“बाबांवर. दुसरं कोण? मी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. त्यांनीच केलं असेल तर हे घर कायमचं सोडणार.”

“आणखी कोण असतं घरी?”

“आत्या आणि दादा. दादाला यात ओढू नका. तोही परदेशात शिकून आला, पण दुसऱ्या देशात. त्याचं कर्ज अजून फिटतंय. त्याच्यासमोर कॉलेजचा विषय काढायचा नाही, असं घरात ठरलेलंच आहे.”

बाप सोफे बनवणारा. खाली कारखाना, वर घर. तोंडात खिळे धरून तो रेक्झिन ताणत होता. बोलायचं म्हणून त्याने ते हातावर काढले.

“मी नको म्हणत होतो, लपवत नाही. कापड बेतावं तर तिनेच. ती गेली की माझा उजवा हात गेला. आणि एक पैसा फी नाही म्हणे, परक्या मुलांनासुद्धा. फुकट शिकवणारं कॉलेज कसलं असणार, तुम्हीच सांगा.”

“राहण्याजेवणाचं?”

“तिथे काम करून भागवीन म्हणते. भागवेल. हात चालतो तिचा.” मग जरा थांबून म्हणाला, “पण फोन मी नाही केला. ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही हो.”

आत्या वर इस्त्री करत होती. तिचा तोरा वेगळाच.

“तिथलं सरकार सगळ्यांची फी भरतं, म्हणून तर ही उड्या मारत निघाली. मी चांगलं स्थळ आणलं होतं, ते गेलं हातचं. पण फोनबिन करणारी मी नव्हे. मला बोलायचं ते मी तोंडावर बोलते.”

“हे मात्र पटलं,” भावजी जिना उतरताना पुटपुटले.

दादा भेटला पार्सलच्या गोदामात. दिवसभर ऑफिस करून तो संध्याकाळी तिथे खोकी लावायचा. इंजिनियर माणूस, पण हातमोजे फाटलेले.

“वाईट वाटतं तिच्यासाठी,” तो म्हणाला. “पण खरं सांगू? सुटली ती. माझं तरुणपण हप्त्यांत गेलं. ती गेली असती तर बाबांना कारखाना तारण ठेवावा लागला असता.”

“बहिणीने काही सांगितलं होतं तुम्हाला?”

“मला कोण सांगतंय? मी घरात शिरलो की सगळे हवापाण्यावर बोलायला लागतात.”

परतताना भावजींचा निकाल तयार होता. “बापच. फी झेपणार नाही, असं पैसे मोजणारा माणूसच बोलणार.”

“भावजी, उद्या गप्प बसा,” वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे कारखान्यात जमले. मुलगी बापाकडे पाठ करून बसली होती.

“खोटं बोलणारा माणूस खपेल असंच खोटं बोलतो,” वहिनींनी सुरुवात केली. “ज्याला माहीत आहे की फीच नाही, तो जागा सोडायला फीचं कारण देईल का? आजारपण सांगेल, लग्न सांगेल. बाबांना फी नाही हे ठाऊक होतं. आत्यांनाही. कार्यालयातल्या बाईंना मी विचारलं. त्यांना वाटलं, राहण्याचा खर्च म्हणायचा असेल, म्हणून त्यांनी जास्त खोदलं नाही. मग घरात उरलं कोण, ज्याला हे ठाऊकच नाही?”

वहिनी दादाकडे वळल्या. “काल तुम्ही कारखाना तारण ठेवायचं म्हणालात. कशासाठी?”

“कशासाठी म्हणजे? फीसाठी.”

मुलगी वळली. “फी नाही, दादा. तिथे कुणालाच नसते.”

तो अर्धवट भरलेल्या सोफ्यावर मटकन बसला.

“फोनवर रुमाल धरला होता मी,” तो म्हणाला. “म्हटलं, चार दिवस रडेल आणि वाचेल. मला का नाही सांगितलं कुणी?”

“तू असा राबतोस,” बाप म्हणाला. “हिला फुकट मिळतंय, हे तुझ्या तोंडावर कुठल्या तोंडाने सांगायचं?”

भावजींना राहवलं नाही. “पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल की.”

“पुढच्या वर्षापासून बाहेरच्या मुलांना तिथेही फी लागणार आहे,” मुलगी म्हणाली.

वहिनींनी त्या जागेसाठी सकाळीच फोन फिरवले होते. यादीतल्या पुढच्या मुलाला ती देऊन झाली होती. तेवढंच सांगून त्या थांबल्या. इतका नेमका तपास लावून इतकं वाईट त्यांना क्वचितच वाटलं असेल.

“मी भरेन फी,” दादा म्हणाला. “आणखी एक कर्ज काढीन.”

“नको. मला तुझा राग आलाय, दादा, आणि तो लवकर जायचा नाही.” मग ती बापाकडे वळली. “बाबा, चुकलं माझं.” बापाने नुसती मान हलवली. त्याचे डोळे भरले होते.

ती जिन्याकडे निघाली आणि पहिल्याच पायरीवर थांबली.

“तुझे हप्ते अजून किती राहिलेत?”

हा प्रश्न त्या घरात त्याला कधी कुणी विचारला नव्हता.

“अकरा वर्षं,” तो म्हणाला. बापालाही ते आत्ताच कळत होतं.