घरोघरचे विरजण

प्रयोगशाळेतल्या सगळ्या पडद्यांवर एकदम लाल चौकट उमटली, तेव्हा डॉ. मृण्मयी इंगवले चहात बिस्कीट बुडवत होती. चौकटीत लिहिले होते: ‘आपल्या सर्व फाइल्स आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. किल्ली हवी असल्यास खंडणी भरावी.’

बिस्किटाचा ओला तुकडा कपात पडला. तिने लगेच इरफानला फोन लावला.

इरफान मुजावर शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा. आता तो कोल्हापुरातला संगणक-सुरक्षेचा सगळ्यात मोठा तज्ज्ञ होता. चालकाविना धावणाऱ्या रिक्षेतून उतरून तो आत आला, तो सरळ भिंतीकडे गेला आणि त्याने संगणकांच्या जाळ्याच्या सगळ्या वायरी उपटल्या. मग पडदा वाचला.

“मराठी मात्र शुद्ध आहे हं. तुझ्या संचालकांच्या परिपत्रकापेक्षा बरी.”

“इरफान, चेष्टा पुरे. हे शिरलं कुठून?”

“ते तूच सांगायचंस. अनोळखी पत्रासोबतची कुठली फाइल उघडलीस?”

“परवा एक पत्र आलं होतं. आईच्या शोकसभेचे फोटो आहेत, असं लिहिलं होतं.”

इरफानने खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. “मीही उघडलं असतं. हे लोक नेमकी अशीच जागा हेरतात. फोटोच्या आड एक छोटा प्रोग्राम होता. आपण त्याला ओलीसकार म्हणू. आत आल्यावर तो दोन दिवस गप्प बसला, एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला, आणि सगळीकडे पोचल्यावर एका फटक्यात त्याने प्रत्येक फाइलची अक्षरं ढवळून टाकली. ती पुन्हा जागेवर आणायची किल्ली त्यांच्याकडे.”

“ती बनवता येत नाही?”

“कधीकधी चोरच गाढव निघतो, मग जमतं. हा तसला नाही. आणि खंडणी भरून किल्ली मिळेलच असंही नाही. ओलीसकाराला काढणं सोपं आहे. यंत्रं साफ पुसायची, सगळं नव्याने बसवायचं, आणि राखीव प्रत परत भरायची. राखीव प्रत जाळ्याबाहेर ठेवलेली असते ना?”

“आई कपाटात ठेवायची. कुलपात.”

“मग रडतेस कशाला? आण.”

तिने नुसते बोट दाखवले. मुख्य संगणकाशेजारी राखीव प्रतीची तबकडी झेंडूच्या सुकलेल्या माळेत बसली होती. अंगावर हळदीकुंकवाची बोटे होती. खंडेनवमीला प्रयोगशाळेतली सगळी यंत्रे पुजायची इथली रीत. दरवर्षी पूजेला तबकडी बाहेर निघायची, जोडून तिचा हिरवा दिवा लावला जायचा, आणि आरती संपली की मृण्मयीची आई डॉ. सुलक्षणा ती पुन्हा कपाटात ठेवायच्या. यंदा त्या नव्हत्या. श्रावणातच गेल्या होत्या. माळ पडली, पेढे वाटले गेले, तबकडी जोडलेली तशीच राहिली.

“म्हणजे तीही गेली,” इरफान म्हणाला. “पण काय थाटात गेली.”

मृण्मयीला हसू आले, आणि त्याचे तिलाच नवल वाटले.

कुलपात अडकला होता तो सुलक्षणाबाईंच्या वीस वर्षांच्या कामाचा आराखडा. कुठल्याही सापाचे विष उतरवणारे एकच प्रथिन त्यांनी रचले होते. आराखडा भरला की प्रथिनमुद्रक नावाचे यंत्र औषध तयार करून देणार होते. दिवाळी झाली की ऊसतोड सुरू होणार, फडाफडांत माणसे उतरणार. त्याआधी पहिल्या कुप्या गावोगावच्या दवाखान्यांत पोचायला हव्या होत्या. संचालक घोरपड्यांना मात्र हा आराखडा गुप्त ठेवून एका औषधकंपनीला द्यायचा होता. सुलक्षणाबाईंचे म्हणणे, तो कुणालाही वापरता आला पाहिजे. हा वाद मिटायच्या आधीच त्या गेल्या.

“दुसरी कुठलीच प्रत नाही?” इरफानने विचारले.

“होती. जरा वेडेपणाचीच होती. संगणकात सगळी माहिती शून्य आणि एकात लिहितात ना? डीएनएला चार अक्षरं असतात. आई त्या चार अक्षरांत लिहायची. जनुकलेखन म्हणायची ती त्याला. आराखडा तिने दह्याच्या जिवाणूत लिहिला. रीतसर परवानगी काढून. खायला अगदी निर्धोक. म्हणायची, चुंबकी तबकडी मरते, जिवाणू स्वतःची नक्कल स्वतः करत राहतो. फक्त रोज दूध घालायचं.”

“दह्यात राखीव प्रत!” इरफान उठून उभाच राहिला. “अगं, मग कुठंय ते दही?”

“आई गेल्यावर कुणी लावलंच नाही. बुरशी आली. टाकून दिलं.”

तेवढ्यात बकुळाकाकू डबा घेऊन आल्या. संस्थेच्या वसाहतीत इंगवल्यांच्या शेजारी त्या राहत. सुलक्षणाबाई गेल्यापासून मृण्मयी दुपारचे जेवण विसरते, हे त्यांनी मनावर घेतले होते.

“सगळ्या टीव्ह्या का लाल झाल्यात?” त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न बघता डबा उघडला. “आधी खावा. ए मुजावरांच्या, तूबी बस. दहीभात हाय.”

“काकू, मला दही नको,” मृण्मयी म्हणाली. श्रावणापासून तिने दही खाल्ले नव्हते.

“नको काय? तुझ्या आईच्याच विरजणाचं हाय ते.”

इरफानचा घास हातातच राहिला.

“काय बघताय असं? सुलक्षणाताई वाटी घेऊन दारोदार फिरल्या की गेल्या दिवाळीत. आख्ख्या वसाहतीला दिलं. वर म्हणाल्या, बकुळा, मागंल त्याला द्यायचं, न्हाई म्हणायचं न्हाई. माझी लेक इचलकरंजीला घिऊन गेली. तिची नणंद बेळगावला.”

मृण्मयी उठली. भात बाजूला सारून तिने वाटीतले चमचाभर दही जनुकवाचक यंत्राच्या नळीत सोडले. ते यंत्र जाळ्याला जोडलेले नव्हते, म्हणून वाचले होते. संध्याकाळच्या आत अक्षरे उमटू लागली.

“आहे,” ती म्हणाली. “पण मधेमधे चुकलंय. पिढ्यानपिढ्या नक्कल होताना चुका होणारच.”

“एका दह्यात एक चूक, दुसऱ्यात दुसरी,” इरफान म्हणाला. “सगळी दही वाचायची. ज्या जागी बहुतेकांचं जे अक्षर, तेच खरं. बहुमत! जितकी घरं जास्त, तितकी प्रत बिनचूक.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बकुळाकाकूंनी वसाहतीच्या गटावर निरोप टाकला, आणि प्रयोगशाळेच्या दारात वाट्यांची रांग लागली. स्टीलच्या, चिनी मातीच्या, झाकणाच्या, बिनझाकणाच्या. वाटी आणणाऱ्या प्रत्येकीला आपले दही पहिले वाचले जायला हवे होते. निंबाळकरवहिनींनी तर कवडीदार दह्याचा मोठा सटच आणला. त्यांच्या दह्याची ख्याती वसाहतभर होती.

त्या सटात मात्र एकही अक्षर सापडले नाही.

“वहिनी,” मृण्मयी चाचरत म्हणाली, “या दह्यात आईचं विरजण नाहीये. हे... कारखान्याचं वाटतंय.”

“म्हणजे पिशवीतलं!” बकुळाकाकूंचा चेहरा उजळला. “आनि मला रेसिपी सांगत हुतीस व्हय गं!”

वहिनी सट उचलून निघाल्या, पण पायरीवर त्यांनाच हसू फुटले. जाताना त्या बकुळाकाकूंकडून चमचाभर विरजण घेऊन गेल्या.

तोवर इरफानने यंत्रे पुसून नव्याने उभी केली होती. बहुमताने जुळलेला आराखडा त्यांत भरला आणि प्रथिनमुद्रक गुणगुणू लागला. पहिली कुपी हातात घेऊन मृण्मयी बराच वेळ उभी राहिली. इरफान त्या वेळी मुद्दाम खिडकीबाहेर बघत होता.

आणि मग नवे पत्र आले. ‘कुलूप घालण्यापूर्वी आम्ही आपल्या फाइल्सची नक्कल काढली आहे. खंडणी न भरल्यास आराखडा उद्या जगजाहीर करू.’

संचालक घोरपडे धावतच आले. “भरा! मागतील ते भरा! जाहीर झालेल्या गोष्टीवर हक्क सांगता येत नाही, कंपनी हात वर करेल!”

मृण्मयी दाराकडे बघत होती. पायरीवर अजून चारदोन वाट्या होत्या.

“सर, हा आराखडा गेल्या दिवाळीतच जाहीर झालाय,” ती सावकाश म्हणाली. “वसाहतीत, इचलकरंजीत, बेळगावात. मागेल त्याला मिळतो. ज्याच्याकडे जनुकवाचक आहे तो कुणीही वाचू शकतो. आम्हाला वाटलं, आईने राखीव प्रत ठेवली होती.” ती हसली. “नाही. तिने प्रकाशन केलं होतं.”

“हे बेकायदेशीर आहे!”

“काय, दही देणं?” इरफानने विचारले.

घोरपडे खाली बसले. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आले, की त्यांच्याही घरी तेच दही लागते.

मृण्मयीने उत्तर लिहायला घेतले: ‘खुशाल जाहीर करा. तेवढेच आमचे टपाल वाचेल. विरजण हवे असल्यास वाटी घेऊन यावे.’

“एक राहिलं,” बकुळाकाकू तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या. “वाटी रिकामी परत द्यायची न्हाई म्हणावं. आमची किल्ली घालून द्या.”

तेही तिने लिहिले. मग पत्र पाठवून दिले, आणि काकूंनी आजही आणलेल्या डब्यातली वाटी जवळ ओढून दहीभात कालवायला घेतला.