उत्तर येत होतं

वजनकाटे तपासणं हा माझा धंदा. सत्तावीस वर्षं प्रयोगशाळेत बसून लोकांच्या काट्यांच्या खोड्या पकडते आहे. माझ्या बोलण्यात आकडे फार असतात, असं घरचे म्हणतात. असू देत. निदान आकड्यांच्या बाबतीत तरी मला कुणी वेडी म्हणणार नाही.

बारक्या माझा धाकटा भाऊ. वय सत्तेचाळीस, वजन एक्याण्णव किलो, आणि नाव अजूनही बारक्याच. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. गेल्या वर्षी गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता तो दुकानातच कोसळला. हृदयाच्या नळीत जाळी बसवली. अकरा महिन्यांनी डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली, तेव्हा हा पठ्ठ्या दवाखान्याच्या दारातूनच मला फोन करून ओरडला, "ताई, रविवारी आपला फेरा!"

फेरा म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर आणि सहाशे मीटर. धरणाच्या भिंतीपासून निघायचं, पठारावर तीन चढ चढायचे, तीन उतार उतरायचे आणि परत भिंतीपाशी यायचं. दोन वेगवेगळ्या मीटरांनी मोजलाय मी. आम्ही दोघं वीस वर्षं तो मारत होतो. त्याच्याशिवाय मी एकदाही गेले नव्हते. खरं सांगायचं तर जाववलंच नाही.

वहिनी काही ऐकेना. तिचं ते फुगणं, बारक्याचं ते लाडीगोडी लावणं, आठवडाभर चाललं. शेवटी तिने अट घातली, पण मला घातली, त्याला नाही.

"ताई, तुम्ही पुढे, हे मागे. तुम्ही हाक द्यायची, यांनी उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही की तिथल्या तिथे थांबायचं. आणि यांना सुखरूप परत आणायचं. मी तुमच्या भरवशावर सोडतेय."

हाक-उत्तर ही आमची जुनीच रीत. जो पुढे, तो रस्ता बघतो आणि ओरडतो, "खड्डा, डावीकडे!" किंवा "खडी!" मागचा "हं" म्हणतो, म्हणजे ऐकलं. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, कारण मान वळली की हँडलही वळतं आणि मग दोघंही आडवे. ठरलं असं, की खड्डा असो नसो, मी सारखी हाक देत राहायची. बारक्याने छातीला ठोके मोजणारा पट्टाही बांधला. परतल्यावर वहिनीच्या फोनवर तो सगळा आलेख दिसणार होता.

रविवारी सकाळी सातला निघालो. हवा कोरडी होती. ते डोंगर म्हणजे वरून सुरीने कापल्यासारखे सपाट, आणि बाजूने काळ्या दगडाचे थर, जिन्यासारखे एकावर एक. मधूनच तांबड्या मातीचा एक पट्टा. कधीकाळी हे सगळं वितळून वाहत आलं आणि गोठलं, असं शाळेत शिकवतात. रस्ता खोदताना फोडलेल्या कडांमध्ये पांढरे खडे चमकत होते. झाडं जवळजवळ नाहीतच.

पहिले दोन चढ मजेत गेले. बारक्याची टकळी चालूच होती. "ताई, तुझी साखळी रडतेय, तेल पाज तिला जरा!" मीही सोडते की काय! "तू तुझं पोट आवर आधी," म्हटलं. इतकं बरं वाटत होतं मला, की डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने आलं, असं मी स्वतःला सांगितलं.

तिसरा चढ चार किलोमीटरचा. तीन वळणं, दोन्ही बाजूंना काळ्या दगडाच्या भिंती, एकच रस्ता. त्याला ना फाटा, ना पायवाट. पायथा लागला की बोलणं बंद होतं, फक्त हाक आणि उत्तर.

"खडी."

"हं."

"खड्डा, उजवीकडे."

"हं."

दुसऱ्या वळणानंतर माझा भाता वाजायला लागला. "खड्डा" म्हणताना मधे दोनदा श्वास घ्यावा लागत होता. आणि मागून येणारं "हं" मात्र अगदी सहज, खुर्चीत बसून म्हणावं तसं. मला चक्क राग आला. अकरा महिने गादीवर लोळलेला माणूस माझ्यापेक्षा कमी दमतो, म्हणजे काय! मग वाटलं, असू दे बाई, बरा झालाय तो. मी फक्त उत्तर येतंय ना, एवढंच बघत होते. उत्तर कसं येतंय, हे ऐकलं नाही. काटे तपासणाऱ्या बाईकडून ही चूक व्हायला नको होती.

माथ्यावर पोचले. नऊ सत्तावीस. पाय टेकला.

"पोचलो रे बाबा!"

"हं."

मी वळले. मागे कुणीही नव्हतं.

माथ्यावरून वरची दोन वळणं दिसतात. तेवढा रस्ता रिकामा होता. मी त्याला मोठ्याने हाक मारली. दगडांवर आपटून माझी हाक परत आली, माझ्याच शब्दांत. म्हणजे इथे प्रतिध्वनी आहे, हे पटलं. पण प्रतिध्वनी माझाच शब्द परत देतो. "खड्डा" म्हटल्यावर "हं" म्हणत नाही.

फोनला रेंज नव्हती. मी सायकल वळवली आणि सुटले. ब्रेक किती लावले, लावले की नाही, काही आठवत नाही. फक्त वहिनीचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वळणाच्या कठड्यावर बारक्या बसला होता. सायकल नीट टेकवलेली, हेल्मेट मांडीवर. तोंडावर घामाचा थेंब नाही. नऊ चौतीस.

मला बघून तो गोंधळला.

"परत कशाला आलीस? आत्ताच तर गेलीस."

"मी? कुठून गेले?"

"इथून! छातीत जरा आवळल्यासारखं झालं, तर तूच म्हणालीस, बस इथे. शेजारी बसलीस, मनगट धरून. किती वेळ बसलो आपण! मग म्हणालीस, आता बरं आहे तुला. आणि गेलीस."

"वर गेले की खाली?"

"वर गं. असं काय विचारतेस, ताई?"

वरून तर मीच आले होते. वाटेत चिटपाखरू भेटलं नव्हतं.

मी त्याचं मनगट धरलं. त्याचा हात गारेगार होता. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजलं. एकसष्ट ठोके, एकसारखे. तो माझ्या हाताकडे बघत होता.

"मघाशी तुझा हात गरम होता," तो म्हणाला.

फेरा तिथेच मोडला. उतरून गावात पोचल्याबरोबर मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हृदयाचा कागद काढला, खालीवर बघितला, म्हणाले, "छान आहे. उन्हात फार दमू नका." दुपारी सव्वाला मी त्याला घरी पोचवलं. वहिनीने माझे दोन्ही हात धरले. त्याच्या छातीत आवळलं आणि मी तीन किलोमीटर पुढे निघून गेले, हे तिला कसं सांगणार? उत्तर येत होतं, असं सांगणार?

बारक्यालाही बजावलं, यातलं काही बोलायचं नाही. तो हसला. "बोलायचंय काय? तू होतीस ना शेजारी."

सोमवारी वहिनीने आलेख मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, हे मधेच असं काय दिसतं?"

नऊ आठपर्यंत रेघ डोंगरासारखी वरखाली होती. नऊ आठ ते नऊ चौतीस, सव्वीस मिनिटं, ठोके शून्य. नऊ चौतीसला पुन्हा एकसष्ट.

"पट्टा सैल झाला होता," मी कळवलं.

खोटं. पट्टा सैल झाला की रेघ तुटते. ही तुटली नव्हती. शून्यावरून सरळ गेली होती. मी काहीतरी निमित्त सांगून पट्टा मागून आणला, प्रयोगशाळेत स्वतःला बांधला आणि हाताने नाडी मोजून ताडून बघितला. बसून, चालून, पळून. एका ठोक्याचाही फरक नाही. इतकं निर्दोष यंत्र मी वर्षभरात बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी आले आणि जेवलेच नाही.

शनिवारी दुपारी बारक्याकडे जेवायचं ठरलं होतं. त्याच्या दुकानातून दोघं बरोबरच निघालो. इमारतीची लिफ्ट बंद होती, घर चौथ्या मजल्यावर. सामानाच्या तिन्ही पिशव्या मी घेतल्या, त्याच्या हातात फक्त चष्म्यांचा छोटा डबा दिला.

"हळूहळू चल. मी पुढे, तू मागे," मी म्हटलं.

पहिला मजला, दुसरा मजला. माझा भाता वाजायला लागला. दोन हातांत तीन पिशव्या, वळून बघायला जागा नाही. तिसऱ्या मजल्यावरून चौथ्याला जाताना एक पायरी तुटलेली आहे, कैक वर्षांची.

"तुटकी पायरी. डावीकडे."

"हं."

मी आणखी सहा पायऱ्या चढले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या जिन्यात धापांचा आवाज फक्त माझा आहे.

वळावंसं वाटलं. वळले नाही. समोर घराचं दार होतं आणि ते उघडंच होतं. वहिनी उंबऱ्यात उभी राहून फोनवर हसत बोलत होती. "अहो, दमलात तर बसा की, घाई कसली?" मग तिने मला बघितलं. माझ्या मागे बघितलं. तिचं हसू तसंच राहिलं, नुसतं ओठांवर.

"ताई, तुम्ही वर कशा?" ती म्हणाली. "हे म्हणताहेत, खालच्या पायरीवर बसलोय. काळजी करू नको, ताई शेजारीच बसलीय."

"आणखी काय म्हणतोय?"

"मनगट धरलंय म्हणे तुम्ही."

पिशव्या हातातून सुटल्या. मी वळले, मागे जिना रिकामा होता, आणि मी धावले. दोन-दोन पायऱ्या एकदम. बारक्या, बारक्या, असं ओरडायचं होतं, पण छातीत श्वासच उरला नव्हता.

वरून वहिनी ओरडली, सवयीने, "ताई, तुटकी पायरी! जपून!"

मी तोंड उघडायच्या आत खालून उत्तर गेलं. माझ्याच आवाजात, जराही न दमता.

"हं."